फुफूच्या खुब्यात कोणता सांधा आहे?

2016 साली आमची फुफू उमराहला निघाली. मुंबईच्या विमानतळावर धातू तपासणाऱ्या चौकटीतून ती पुढे गेली आणि यंत्र वाजले. बांगड्या काढल्या, पुन्हा वाजले. मग सुरक्षा विभागातल्या मुलीने हातातले यंत्र तिच्या अंगावरून फिरवले. उजव्या खुब्यापाशी ते थांबेना.

"अम्मा, ऑपरेशन झालंय का?"

"बॉल बदललाय, बेटा. सात वर्षं झाली."

"काही कागद आहे का त्याचा?"

कागद नव्हता. पडद्याआड नेऊन नीट तपासणी केली आणि तिला सोडले. परत आल्यावर फुफू हा किस्सा हसत हसत सर्वांना सांगायची. सहा वर्षांनी पनवेलला एका अस्थिरोगतज्ज्ञाने तिला हाच प्रश्न विचारला, तेव्हा मात्र कोणाला हसू आले नाही.

फुफू शिरढोणला राहते. पनवेलहून पेणकडे जाताना कर्नाळ्याच्या अलीकडे हे गाव लागते. वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव म्हणून बहुतेकांना ते ठाऊक असते. जुलै 2009 मध्ये, भर पावसात, फजरच्या वजूसाठी ती मागच्या मोरीत गेली आणि शेवाळावरून घसरली. तेव्हा ती 54 वर्षांची होती. खुब्यापाशी मांडीच्या हाडाची मान मोडली होती. मुंबईतल्या एका खासगी रुग्णालयात तिचा सांधा बदलला. तीन महिन्यांत ती काठीशिवाय चालू लागली आणि घरातल्यांच्या दृष्टीने तो विषय संपला. फाइल फुफांनी कपाटात ठेवली होती. 2014 मध्ये फुफा अल्लाहला प्यारे झाले. नंतर घराला रंग काढताना जुन्या कागदांच्या गठ्ठ्यांबरोबर ती फाइल रद्दीत गेली असावी. नक्की कोणालाच आठवत नाही.

2022 च्या सुरुवातीला तिच्या जांघेत दुखू लागले. बसल्या जागेवरून उठले की पहिली चार-पाच पावले कळ यायची, मग जरा बरे वाटायचे. "थंडीमुळे असेल" म्हणत तिने चार महिने काढले. शेवटी मी तिला तपासायला नेले. डॉक्टरांनी एक्स-रे पाहिला आणि विचारले, "हा सांधा कोणत्या कंपनीचा आहे? डिस्चार्ज कार्ड, स्टिकर, बिल, काहीतरी असेल ना?"

मी वर्ष सांगितले, 2009. डॉक्टर क्षणभर गप्प झाले. ते का गप्प झाले हे मला घरी येऊन वाचल्यावर कळले. ते वाचकांनाही कळावे म्हणून हे लिहीत आहे, कारण आज आपल्या जवळजवळ प्रत्येक खानदानात खुबा किंवा गुडघा बदललेले कोणी ना कोणी असते.

गोळा, वाटी आणि मधले प्लास्टिक

खुब्याचा सांधा म्हणजे कमरेच्या हाडातली वाटी आणि तिच्यात फिरणारे मांडीच्या हाडाचे गोल टोक. कृत्रिम सांध्यात मांडीच्या हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा ठोकून बसवतात आणि त्यावर गोळा लावतात. कमरेच्या हाडात धातूची वाटी बसवतात. तिच्या आत बहुतेक वेळा जाड प्लास्टिकचे अस्तर असते आणि गोळा त्या अस्तरात फिरतो. माणूस चालतो, बसतो, जिना चढतो, तसा गोळा त्या प्लास्टिकवर घासला जातो. रोज हजारो वेळा.

म्हणून या सांध्याची गोष्ट खरे तर झिजण्याची गोष्ट आहे. आजच्या सांध्याची घडण इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या राइटिंग्टन रुग्णालयातले सर्जन जॉन चार्न्ली यांनी बसवली. आधी त्यांनी वाटीसाठी टेफ्लॉन वापरले. आपल्या तव्याला असते तेच. वर्षभर सगळे सुरेख चालले. रुग्ण खूश, डॉक्टर खूश. मग दोन-तीन वर्षांत टेफ्लॉन झिजून त्याचा भुगा सांध्यात साठू लागला आणि सुमारे तीनशे रुग्णांचे सांधे बिघडले. चार्न्लींनी तो भुगा स्वतःच्या मांडीत टोचून घेतला, शरीर त्याला कसे वागवते हे पाहण्यासाठी. 1962 मध्ये एक विक्रेता त्यांच्याकडे वेगळ्याच प्लास्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापड गिरण्यांत मागाची दातेरी चाके त्याची बनत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये चार्न्लींनी ते वापरायला सुरुवात केली. त्याचीच सुधारलेली रूपे आज जगभर वापरली जातात.

मला या कहाणीतले टेफ्लॉनचे पहिले वर्ष महत्त्वाचे वाटते. पहिल्या वर्षी चांगला चाललेला सांधा चांगलाच आहे असे त्या वर्षी कोणीच सांगू शकत नाही. ते दहा-पंधरा वर्षांनी कळते, आणि तेही कोणीतरी सर्व रुग्णांची नोंद ठेवली असेल तरच. चार्न्ली आपल्या रुग्णांना वर्षानुवर्षे बोलावून तपासत राहिले.

पुढे काही देशांनी हे काम देशाच्या पातळीवर हाती घेतले. स्वीडनने 1979 मध्ये खुब्याच्या शस्त्रक्रियांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली. ऑस्ट्रेलियाने 1999 मध्ये. इंग्लंड-वेल्सची नोंदवही 2003 पासून चालू आहे. कोणत्या रुग्णाला, कोणत्या तारखेला, कोणत्या कंपनीचा कोणता सांधा बसवला आणि तो पुन्हा कधी काढावा लागला, एवढीच ती नोंद. या साध्या नोंदीतून जे आकडे निघतात ते मात्र साधे नाहीत. 2019 मध्ये ब्रिस्टल विद्यापीठाच्या संशोधकांनी ऑस्ट्रेलिया आणि फिनलंडच्या नोंदवह्या तपासून 'द लॅन्सेट' या नियतकालिकात निष्कर्ष मांडले. बसवलेल्या खुब्यांपैकी 15 वर्षांनी सुमारे 89 टक्के, 20 वर्षांनी 70 टक्के आणि 25 वर्षांनी 58 टक्के जागच्या जागी होते. म्हणजे दहापैकी जवळजवळ सहा सांधे पाव शतक टिकले. माणसाच्या हाताने केलेल्या, दिवसरात्र राबणाऱ्या वस्तूसाठी हे फार मोठे यश आहे. शिवाय 25 वर्षांपूर्वीचे प्लास्टिक जुन्या पद्धतीचे होते. आताचे कमी झिजते.

वयाचाही हिशेब आहे. ब्रिटनमधल्या रुग्णांच्या नोंदींवरून 2017 मध्ये त्याच नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, सत्तरीत खुबा बदललेल्यांपैकी आयुष्यात पुन्हा शस्त्रक्रिया लागण्याची शक्यता सुमारे 5 टक्के असते. पन्नाशीच्या सुरुवातीला बदलला तर पुरुषांमध्ये ती कितीतरी वाढते, स्त्रियांमध्ये त्यापेक्षा कमी. कारण उघड आहे. तरुण माणूस जास्त चालतो आणि जास्त वर्षे जगतो. आपल्याकडे पस्तिशी-चाळिशीतल्या मुलांचेही खुबे बदलावे लागतात, कारण मांडीच्या गोळ्याचा रक्तपुरवठा बंद होऊन हाड मरण्याचा आजार इथे बऱ्यापैकी दिसतो. स्टिरॉइडची औषधे हे त्याचे एक मोठे कारण. करोनातून बरे झालेल्या रुग्णांत असे खुबे दिसू लागल्याचे 2021 मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी नोंदवले होते. या मुलांना अजून चाळीस वर्षे काढायची आहेत. त्यांच्या खुब्यात काय बसवले आहे हे कोणाच्या लक्षात राहणार?

2009 या वर्षाचा अर्थ

आता त्या गप्प झालेल्या डॉक्टरांकडे येते.

प्लास्टिक झिजते, तर प्लास्टिकच नको, गोळाही धातूचा आणि वाटीही धातूची, असा विचार 2000 नंतरच्या वर्षांत जोरात होता. तरुण रुग्णांना हे सांधे जास्त टिकतील असे सांगितले जाई. जॉन्सन अँड जॉन्सन समूहातल्या डीप्यू या कंपनीचा 'एएसआर' नावाचा सांधा त्यातलाच. भारतात तो 2006 पासून आला. त्याची वाटी उथळ होती, त्यामुळे गोळा तिच्या कडेवर घासला जाई आणि कोबाल्ट व क्रोमियम या धातूंचे बारीक कण सांध्याभोवती आणि रक्तात उतरत. काहींच्या सांध्याभोवतीचे मांस आणि हाड सडले. कोबाल्ट फार वाढले तर हृदय, थायरॉइड, कान आणि डोळे यांवरही परिणाम होऊ शकतो.

हे कोणी पकडले? नोंदवह्यांनी. ऑस्ट्रेलियाच्या नोंदवहीत या सांध्याचे पुन्हा काढण्याचे प्रमाण सतत वर दिसत होते. डिसेंबर 2009 मध्ये कंपनीने तो त्या देशातून मागे घेतला. मग इंग्लंड-वेल्सच्या नोंदवहीतून निघाले की पाच वर्षांतच आठ रुग्णांमागे साधारण एकाचा सांधा पुन्हा काढावा लागतो आहे. 24 ऑगस्ट 2010 रोजी कंपनीने जगभरातून एएसआर परत मागवला. तोवर सुमारे 93,000 लोकांच्या शरीरात तो बसलेला होता.

फुफूचे ऑपरेशन जुलै 2009 चे. ऑस्ट्रेलियातून तो सांधा निघण्याच्या पाच महिने आधीचे.

आपल्याकडे पुढे काय झाले ते सावकाश झाले. 2011 मध्ये महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मुंबईत माहीम पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला. या बाबतीत आपले राज्य केंद्राच्या पुढे होते, हे सांगायला हवे. केंद्रीय औषध नियंत्रकांचा देशभरासाठीचा इशारा निघाला तो 2013 च्या अखेरीस. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्राने डॉ. अरुण अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञांची समिती नेमली. तिचा अहवाल सांगतो की भारतात सुमारे 4,700 एएसआर शस्त्रक्रिया झाल्या. त्यांपैकी हजारच्या आसपास रुग्णांचाच ठावठिकाणा लागला. उरलेल्या सुमारे 3,600 जणांचा पत्ताच नव्हता.

हा 3,600 चा आकडा मी रात्री दोनदा वाचला. हे लोक मेले नव्हते, हरवले नव्हते. ते आपापल्या घरी होते, कोणी लंगडत, कोणी "थंडीमुळे असेल" म्हणत. त्यांच्यापैकी फुफू एक आहे का?

नुकसानभरपाईचे सांगून टाकते. समितीने प्रत्येकी किमान 20 लाख रुपयांची शिफारस केली. नोव्हेंबर 2018 मध्ये डॉ. आर. के. आर्य यांच्या समितीचे सूत्र मंजूर झाले. त्यात वय आणि अपंगत्व पाहून 30 लाखांपासून 1 कोटी 23 लाखांपर्यंत रक्कम ठरत होती. कंपनी त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेली. मे 2019 मध्ये, ज्यांची पुन्हा शस्त्रक्रिया झाल्याचे पडताळले गेले अशा 67 जणांना प्रत्येकी 25 लाख देण्याची तयारी तिने न्यायालयात दाखवली. अमेरिकेत याच सांध्यापायी 2013 मध्ये सुमारे 8,000 रुग्णांसाठी जवळजवळ अडीच अब्ज डॉलरची तडजोड झाली होती. पण पैशाआधीची पायरी सर्वत्र एकच. तुमच्या शरीरात तोच सांधा आहे हे दाखवा. कागदाशिवाय ते दाखवायचे कसे?

रुग्णालयाच्या खिडकीवर

मी आणि माझा चुलतभाऊ मुंबईला त्या रुग्णालयात गेलो. नोंदी विभागात एक गृहस्थ होते. त्यांनी आवाज न चढवता सांगितले, इतकी जुनी फाइल राहत नाही, नष्ट केली जाते. कायद्याने त्यांची चूक काढता येईना. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या नियमावलीनुसार भरती रुग्णांच्या नोंदी तीन वर्षे ठेवायच्या असतात आणि मागितल्यास 72 तासांत द्यायच्या असतात. तीन वर्षे! सांधा बसवायचा पंचवीस वर्षांसाठी आणि कागद जपायचा तीन. ज्या सर्जननी ऑपरेशन केले होते ते आता हयात नव्हते. परतीच्या लोकलमध्ये आम्ही दोघे काही बोललो नाही.

पनवेलच्या डॉक्टरांनी मात्र धीर दिला. त्यांनी एक्स-रे उजेडावर धरून फुफूलाच दाखवला. "अम्मा, हे बघा. हा गोळा पांढरा दिसतो, ही वाटी पांढरी दिसते. मधे ही काळी फट आहे ना, तिथे प्लास्टिक आहे. प्लास्टिक एक्स-रेत दिसत नाही. तो जो वाईट सांधा होता त्यात गोळा मोठा असतो आणि वाटीला चिकटून दिसतो, मधे फट जवळजवळ नसते. तुमचा तो नाही."

फुफूने 'अल्हम्दुलिल्लाह' म्हटले. माझ्याही छातीवरचे ओझे उतरले. मग डॉक्टरांनी पेनाचे टोक फटीवरून फिरवले. फट वरच्या बाजूला अरुंद आणि खालच्या बाजूला रुंद होती. गोळा वाटीच्या मधोमध नव्हता, वर सरकला होता. तेरा वर्षांत वरचे प्लास्टिक झिजले होते. झिजलेल्या प्लास्टिकचे कण डोळ्यांना दिसत नाहीत, पण शरीराच्या सफाई करणाऱ्या पेशी ते गिळतात. पचवता येत नाहीत म्हणून त्या चिडतात आणि त्या गडबडीत आजूबाजूचे हाड खाल्ले जाते. वाटीच्या मागे तसा एक पोकळ डाग दिसत होता.

तेव्हा कंपनीचे नाव हवे होते ते भरपाईसाठी नव्हे, तर पुढच्या ऑपरेशनसाठी. वाटी हाडात घट्ट असेल तर नुसते अस्तर आणि गोळा बदलून काम भागते. पण एका कंपनीचे अस्तर दुसऱ्या कंपनीच्या वाटीत बसत नाही. त्याच कंपनीतही मापे आणि वाणे वेगवेगळी. भांड्याला दुसऱ्याचे झाकण लावण्यासारखे आहे ते, आणि इथे एक मिलिमीटरही चालत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे आपल्या ओळखीच्या सर्जनना आणि दोन कंपन्यांच्या माणसांना पाठवले. अंदाज दोन निघाले. दोन्हींचे सामान तयार ठेवून फेब्रुवारी 2023 मध्ये ऑपरेशन केले.

आत वाटीवर नाव निघाले ते तिसऱ्याच कंपनीचे. तिचे अस्तर त्या दिवशी तिथे नव्हते. उघडी जखम ठेवून थांबता येत नाही. त्यामुळे घट्ट बसलेली वाटीही हाडातून काढावी लागली, गेलेले हाड भरून नवी वाटी बसवावी लागली. ऑपरेशन पहिल्याच्या दुपटीने लांबले, दोन बाटल्या रक्त लागले. "नाव आधी मिळालं असतं तर अस्तर मागवून ठेवलं असतं," डॉक्टर नंतर म्हणाले. त्यांचा सूर दोष देण्याचा नव्हता. पण माझ्या डोळ्यांसमोर रद्दीवाल्याचा तराजू आला.

काय मागायचे, काय जपायचे

प्रत्येक कृत्रिम सांध्याच्या डब्यावर चिकटपट्ट्या असतात. दांडा, गोळा, वाटी, अस्तर, प्रत्येकाची वेगळी. त्यांवर कंपनी, वाण, माप आणि लॉट नंबर छापलेला असतो. ऑपरेशन झाले की त्या पट्ट्या रुग्णाच्या फाइलमध्ये चिकटवतात. एक संच रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर लावून घेण्याचा आग्रह धरा. न लाजता धरा. बिलातही नुसते 'इम्प्लांट' नको, नाव हवे. घरी आल्यावर पहिले काम म्हणजे त्याचा फोटो काढून घरातल्या तीन-चार जणांच्या फोनवर पाठवणे. कागद फिका पडतो, एक फोन बिघडतो, पण सगळ्यांकडचे एकदम जात नाही.

ज्यांचे ऑपरेशन गेल्या तीन वर्षांत झाले आहे त्यांनी हा अंक खाली ठेवून लेखी अर्ज करावा आणि नोंदींची प्रत मागावी. ज्यांचे 2006 ते 2010 या काळात झाले आणि कागद नाही, त्यांनी एकदा एक्स-रे काढून अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावा. दुखत नसले तरी. धातूवर धातूचा सांधा निघाला तर रक्तातल्या कोबाल्ट-क्रोमियमची तपासणी होते. घाबरण्याचे कारण नाही, कारण बहुतेकांच्या खुब्यात प्लास्टिकच निघेल.

नवा सांधा घेताना सर्जनला एक प्रश्न जरूर विचारा: "हा किती वर्षांचा अनुभव असलेला सांधा आहे?" ब्रिटनमध्ये तज्ज्ञांचे एक मंडळ प्रत्येक सांध्याला दहा, तेरा, पंधरा असे वर्षांचे शिक्के देते, त्याला 'ओडेप' म्हणतात. तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने 2014 मध्ये कसोटी घातली की दहा वर्षांत शंभरातले पाचच सांधे पुन्हा काढावे लागावेत, जास्त नाही. नव्यात नवा म्हणजे चांगला, हा मोबाइलचा नियम इथे लावू नका. माझे मत विचाराल तर, जाहिरातीत 'अत्याधुनिक' लिहिलेल्या सांध्यापेक्षा पंधरा वर्षे टिकल्याची नोंद असलेला जुना सांधा बरा.

आपल्या देशात सक्तीची राष्ट्रीय नोंदवही अजून नाही. खुबा-गुडघा सर्जनांची संघटना एक नोंदवही चालवते, पण ती ऐच्छिक आहे. काही सुधारणा झाल्या आहेत. बिघडलेल्या वैद्यकीय साधनांची तक्रार घेण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम 6 जुलै 2015 पासून गाझियाबादच्या भारतीय औषधकोश आयोगामार्फत चालतो. वैद्यकीय साधनांचे स्वतंत्र नियम 1 जानेवारी 2018 पासून लागू झाले. हे सगळे एएसआरनंतरचे. पण तक्रार करायलाही लॉट नंबर लागतोच.

लक्षणे थोडक्यात. जांघेत किंवा मांडीत नव्याने दुखणे, उठताना पहिल्या पावलांना कळ, लंगड, पाय आखूड वाटणे, सांध्यातून आवाज. ताप आणि सांध्याभोवती लाली-सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा, विशेषतः मधुमेह असलेल्यांनी, कारण जंतुसंसर्ग वर्षांनंतरही होऊ शकतो. आणि हे ध्यानात ठेवा की झीज पुष्कळदा दुखण्याच्या आधी एक्स-रेत दिसते. डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या अंतराने एक्स-रे काढणे म्हणूनच टाळू नये.

नमाजबद्दल आमच्या घरात बराच वाद झाला, तोही लिहिते. ऑपरेशननंतर सुरुवातीचे आठवडे खुबा काटकोनापेक्षा जास्त वाकवू नये, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे नेऊ नये, नाहीतर गोळा वाटीतून निसटू शकतो. सजदा आणि जमिनीवर बैठक या दोन्हींत खुबा काटकोनाच्या पुढे जातो. खुर्चीवरही रुकूसाठी फार पुढे झुकले तर तेच होते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. खुर्ची उंच हवी, गुडघे खुब्याच्या खाली राहतील अशी. वजूसाठी पाय धुताना वाकू नये, कोणीतरी पाणी घालावे. आमच्या एका नातेवाइकांना वाटत होते की फुफूने हिंमत करून जमिनीवर बसावे. दीनने आजारी माणसाला बसून, तेही न झाल्यास पडून नमाज अदा करण्याची सवलत दिलेली आहे. ती सवलत नाकारून गोळा निसटवून घेण्यात कसली हिंमत? पुढे, सांधा बसल्यावर, कोणाला जमिनीवर बसता येईल हे सांध्याच्या प्रकारावर आणि ऑपरेशनच्या पद्धतीवर ठरते. ते आपल्या सर्जनलाच विचारावे, शेजाऱ्याचा खुबा पाहून ठरवू नये. देशी संडासाचेही तसेच.

फुफू आता 68 वर्षांची आहे. घरात काठीशिवाय चालते, बाहेर काठी घेते. मागच्या मोरीत खडबडीत फरशी आणि भिंतीला लोखंडी कठडा बसवला आहे. तो 2009 मध्येही बसवता आला असता. नव्या सांध्याच्या चार पट्ट्या डिस्चार्ज कार्डावर आहेत आणि त्यांचा फोटो आम्हा सहा जणांच्या फोनवर. कार्ड तिने प्लास्टिकच्या पिशवीत घालून पासपोर्टच्या पाकिटात ठेवले आहे, कारण तिला पुन्हा उमराहला जायचे आहे. नातवाने पिशवीवर मोठ्या अक्षरांत लिहून दिले आहे: 'उजवा खुबा, फेब्रुवारी 2023'. पुढचा एक्स-रे येत्या फेब्रुवारीत आहे.